ल्यूथरन चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना : बाक, पुस्तक आणि प्याला

आपण आंबेडकरी चळवळीतील माणसे धर्मावर पुष्कळ बोलतो. ते योग्यच आहे, कारण धर्माच्या नावाने आपल्या पूर्वजांना काय भोगावे लागले याचा हिशेब अजून मिटलेला नाही. परंतु शेजारच्या माणसाच्या प्रार्थनास्थळात दोन तास शांतपणे बसून तिथे कोण कुठे बसतो, कोण वाचतो, कोण देतो आणि कोण फक्त घेतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे आपल्यात किती आहेत? बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली धम्मदीक्षा घेतली. मधल्या २१ वर्षांत त्यांनी एकेक धर्म तपासून पाहिला. तपासून पाहणे हा आपला वारसा आहे. ऐकीव माहितीवर मत बनवणे हा नव्हे.

कळवा, विटावा, खारेगाव, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात एका चाळीत चार प्रांतांची माणसे राहतात. नाताळला शेजारचे ख्रिस्ती कुटुंब केकचे ताट पाठवते, १४ एप्रिलला आपल्या घरची खीर त्यांच्याकडे जाते. पण तोच शेजारी "एकदा रविवारी आमच्या चर्चला या" म्हणाला की आपण "बघू" म्हणून विषय टाळतो. का टाळतो? कधी उठायचे, कधी बसायचे हे माहीत नसते. तिथे दिलेली भाकर घ्यावी की नाही हे कळत नाही. आणि वकिलाकडे येणारा खरा प्रश्न वेगळाच असतो : "साहेब, चर्चमध्ये बसलो तर जातीच्या दाखल्याला धोका नाही ना?" या सगळ्या शंकांची उत्तरे एकदा मांडली पाहिजेत.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'ल्यूथर' म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांना अमेरिकेतील काळ्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. ते स्वतः ल्यूथरन नव्हते, बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांचे वडील १९३४ साली जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचे व मुलाचे नाव बदलून एका जर्मन धर्मसुधारकाच्या नावावरून ठेवले. तो सुधारक म्हणजे मार्टिन ल्यूथर. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्ग येथे त्याने पैसे घेऊन पापक्षमेची पत्रे विकण्याच्या धंद्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि युरोपातील पुरोहितशाही हादरली.

त्या काळी युरोपात उपासना लॅटिनमध्ये चाले. शेतकऱ्याला, चांभाराला, लोहाराला त्यातले अक्षर कळत नसे. प्रभुभोजनाच्या वेळी सामान्य माणसाला फक्त भाकर मिळे, द्राक्षारसाचा प्याला पुरोहित एकटाच पीत असे. न कळणारी भाषा आणि मूठभरांच्या हाती धर्माची किल्ली, हे चित्र आपल्याला नवे नाही. ल्यूथरने १५२२ साली नवा करार आणि १५३४ साली संपूर्ण बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणले, सर्वांनी मिळून गाण्याची गीते रचली आणि प्याला सर्वांना दिला पाहिजे असा आग्रह धरला. प्रत्येक श्रद्धावान देवापुढे याजकच आहे, असे त्याचे म्हणणे होते.

पण ल्यूथरला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. १५२५ साली जर्मन शेतकरी वेठबिगारीविरुद्ध उठले तेव्हा त्याने त्यांना चिरडणाऱ्या सरदारांची बाजू घेतली. १५४३ साली त्याने ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी पुस्तक लिहिले. चर्चमधली समता त्याला हवी होती, शेतावरची नव्हे. हा दोष लक्षात ठेवा, कारण तो पुढे भारतातही आला.

महाराष्ट्रात ल्यूथरन मंडळी कमी का, हाही प्रश्न पडेल. मराठी मुलखात १८१३ पासून अमेरिकन मराठी मिशन आले, पुढे स्कॉटिश मिशन आले, इंग्रजांचे अँग्लिकन चर्च होतेच. ठाण्याचे सेंट जेम्स चर्च १८२५ सालचे, ते त्याच इंग्रजी परंपरेतले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला यांच्यापैकी अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ल्यूथरन त्यात नव्हते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते ज्यात आहेत ते 'उपासना संगीत' मराठी ख्रिस्ती माणसाच्या घराघरात सापडते, पण ती ल्यूथरन परंपरा नव्हे. त्यामुळे आपल्या भागात ल्यूथरन माणूस भेटला तर तो बहुधा तमिळनाडूतून, आंध्रच्या गुंटूरकडून किंवा झारखंड-ओडिशातून पोटापाण्यासाठी आलेला असतो. गुंटूरला अमेरिकन ल्यूथरन मिशनरी हायर १८४२ साली पोहोचला. तिथल्या मंडळीत बहुसंख्य माला आणि मादिगा, म्हणजे आपलीच माणसे. रांचीला जर्मनीच्या गॉसनर मिशनचे चौघे १८४५ साली आले, तिथली मंडळी प्रामुख्याने उरांव, मुंडा, खडिया या आदिवासींची. आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याला मध्य प्रदेशच्या ल्यूथरन चर्चचे मुख्यालय आहे, ते स्वीडिश मिशनच्या कामातून उभे राहिले.

तेव्हा उपासना तमिळमध्ये, तेलुगूमध्ये किंवा हिंदीत असण्याची शक्यता जास्त. घाबरू नका. ल्यूथरन उपासनेचा क्रम ठरलेला असतो, आणि तो एकदा माहीत झाला की भाषा न कळताही आपण कुठे आहोत ते कळते. स्थलांतरितांच्या मंडळ्यांना अनेकदा स्वतःची इमारत नसते. भाड्याचा हॉल किंवा दुसऱ्या चर्चची रिकामी वेळ यावर त्या चालतात. म्हणून वेळ आणि जागा शेजाऱ्याला आधीच विचारून घ्या.

दारात काही ठिकाणी चपला काढाव्या लागतात, काही ठिकाणी नाही. इतर काय करतात ते पाहा. अनेक भारतीय चर्चमध्ये पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात, बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुण्यावर त्याची सक्ती नसते. साधे, स्वच्छ कपडे पुरेत. मागच्या बाकावर बसा, म्हणजे पुढचे लोक उठले की आपल्यालाही उठता येईल. समोर वेदी असते, तिच्यावर क्रूस आणि मेणबत्त्या. वेदीवरचे कापड काळानुसार बदलते : नाताळ आणि ईस्टरला पांढरे, त्यापूर्वीच्या तयारीच्या दिवसांत जांभळे, पेंटेकॉस्टला आणि ल्यूथरच्या सुधारणेच्या स्मरणदिनी तांबडे, बाकीचा बराच काळ हिरवे.

सुरुवात गीताने होते. मग पाळक त्रैक्याच्या नावाने उपासना सुरू करतो आणि सर्वजण आपल्या चुकांची सामुदायिक कबुली देतात. बंद खोलीत पुरोहिताच्या कानात सांगायची ही कबुली नव्हे. सगळे एकत्र उभे राहून ती म्हणतात आणि पाळक क्षमेची घोषणा करतो. नंतर दयेची याचना आणि देवाची स्तुती गायली जाते. त्यापुढे वाचन : एक उतारा जुन्या करारातून, एक प्रेषितांच्या पत्रांतून आणि शेवटी शुभवर्तमानातून. शुभवर्तमान वाचताना सर्वजण उभे राहतात. पहिले दोन उतारे बऱ्याच ठिकाणी मंडळीतलाच कोणीतरी वाचतो. मग उपदेश आणि विश्वासाचा अंगीकार, यांचा क्रम कुठे मागेपुढे असतो. त्यानंतर आजारी, बेकार, सरकार, जग या सर्वांसाठी प्रार्थना होते आणि दानाची थैली किंवा ताट फिरते. पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. थैली पुढे सरकवली तरी कोणी वाईट मानत नाही.

इथे आपल्या माणसाला अडचण वाटते. विश्वासाचा अंगीकार म्हणजे "मी अमुक देव मानतो" अशी जाहीर घोषणा. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धाने ती म्हणावी का? म्हणू नये, आणि म्हणण्याची गरजही नाही. उभे राहणे हा यजमानाचा मान आहे, म्हणणे ही स्वतःची श्रद्धा आहे. पहिले करा, दुसरे करू नका. आपल्या विहारात आलेला ख्रिस्ती पाहुणा त्रिसरणाच्या वेळी उभा राहतो, तोंडाने काही म्हणत नाही, तेव्हा आपण त्याला हाकलतो का?

मग येते प्रभुभोजन. हे दर रविवारी असेलच असे नाही, काही मंडळ्यांत महिन्यातून एकदा असते. पाळक येशूच्या शेवटच्या जेवणाचे शब्द म्हणतो, लोक वेदीपाशी येऊन गुडघे टेकतात किंवा उभे राहतात आणि प्रत्येकाला भाकरीचा तुकडा व द्राक्षारस मिळतो. ल्यूथरन श्रद्धेप्रमाणे त्या भाकरीत आणि रसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो. ती नुसती आठवण नव्हे. याच मुद्द्यावर १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली यांचे फाटले. म्हणून हे भोजन सर्वसाधारणपणे बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असते, आणि काही ल्यूथरन मंडळ्या तर दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसालाही ते देत नाहीत. आपण जागेवर बसून राहावे. हा अपमान नाही. इथे नकाराचे कारण जन्म नसून श्रद्धा आहे, आणि आपली श्रद्धा वेगळी आहे. कोणी पुढे येऊन नुसता आशीर्वाद घ्या असे म्हटले तर ते आपल्या मर्जीवर. शेवटी आशीर्वचन, गीत आणि दारात पाळकाशी हस्तांदोलन. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो. सगळे मिळून दीड-दोन तास.

इथपर्यंत झाला शिष्टाचार. पण आंबेडकरी माणूस फक्त शिष्टाचार शिकायला कुठे जात नाही. त्या दोन तासांत तीन गोष्टींवर नजर ठेवा : बाक, पुस्तक आणि प्याला. कोण कुठे बसतो? पुस्तक कोण वाचतो? प्याला कोण कोणाला देतो? ल्यूथरने ज्या तीन गोष्टी सर्वांसाठी खुल्या करायचे वचन दिले त्या याच, आणि भारतात जात नेमकी यांच्याच आडून आत शिरली.

९ जुलै १७०६ रोजी डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन तरुण, झीगेनबाल्ग आणि प्लुट्शाउ, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडीला उतरले. भारतातील ही पहिली प्रोटेस्टंट मिशन, आणि ती ल्यूथरन. झीगेनबाल्ग तमिळ शिकला आणि १७१५ पर्यंत त्याने तमिळ नवा करार छापून काढला. भारतीय भाषेत छापलेला तो पहिला नवा करार. म्हणजे पुस्तक सर्वांसाठी खुले झाले. पण बाकाचे काय? त्या मंडळीत वेल्लाळ आणि परैयार ख्रिस्ती चर्चमध्येही वेगवेगळे बसत.

आणि प्याल्याचे? १७३३ साली आरोन नावाच्या वेल्लाळ ख्रिस्ती माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. तो भारतातील पहिला प्रोटेस्टंट पाळक. काही वर्षांनी आणखी एक पाळक नेमायचा होता. राजनायकन नावाचा अत्यंत कर्तबगार उपदेशक समोर होता, पण तो परैयार होता. मिशनऱ्यांनी विचार केला की याच्या हातून प्रभुभोजन घेणे वरच्या जातीचे ख्रिस्ती मान्य करणार नाहीत. म्हणून १७४१ साली दीक्षा दिएगो नावाच्या दुसऱ्याच माणसाला दिली. राजनायकनच्या ज्ञानात, निष्ठेत, चारित्र्यात खोट नव्हती. खोट त्याच्या हाताच्या जातीत होती! महाडच्या चवदार तळ्याला स्पर्श करणाऱ्या हातांना जे सांगितले गेले, तेच वेदीवरच्या प्याल्यापाशीही सांगितले गेले.

१८३३ साली कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन याने दक्षिणेतील आपल्या मंडळ्यांतून जातिभेद ताबडतोब हटवण्याचा हुकूम काढला. वरच्या जातींचे अनेक ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. १८४० नंतर आलेल्या जर्मनीच्या लाइपझिग ल्यूथरन मिशनने, विशेषतः तिचा प्रमुख कार्ल ग्राउल याने, जात ही सामाजिक रूढी आहे, ती हळूहळू जाईल, अशी नरमाईची भूमिका घेतली. त्यामुळे जात सोडायला तयार नसलेल्या अनेकांना ल्यूथरन छप्पर मिळाले. "हळूहळू जाईल" हे वाक्य आपण किती तोंडांतून ऐकले आहे!

बाबासाहेबांना हे सर्व ठाऊक होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी ख्रिस्ताबद्दल आदर व्यक्त केला, आणि दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हेही तोंडावर सांगितले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवर स्वतंत्र लेखन आहे. धर्म बदलला तरी शेजार, रूढी आणि सत्ता बदलली का, हा त्यांचा प्रश्न होता.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ल्यूथरन जगानेच याच प्याल्यावरून एकदा ठाम भूमिका घेतली. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या ल्यूथरन मंडळ्या काळ्यांसोबत एका वेदीपाशी यायला तयार नव्हत्या. १९७७ साली दार-ए-सलाम येथे ल्यूथरन जागतिक महासंघाने वर्णभेद नाकारणे हा श्रद्धेचाच प्रश्न आहे असे जाहीर केले, आणि १९८४ साली बुडापेस्टला दोन गोऱ्या मंडळ्यांचे सदस्यत्व स्थगित केले. भारतात चेन्नईच्या गुरुकुल ल्यूथरन धर्मविद्यालयात अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मविचाराचा स्वतंत्र विभाग उभा केला. २००९ साली महासंघ आणि चर्चेसची जागतिक परिषद यांनी बँकॉकला दलितांच्या न्यायासाठी परिषद घेतली. हे सगळे दलित ख्रिस्ती माणसाने आतून केलेल्या झगड्याचे फळ आहे.

आता कायदा. पाहुणा म्हणून उपासनेला बसल्याने धर्म बदलत नाही. ल्यूथरन परंपरेत प्रौढ माणसाला बाप्तिस्मा देण्यापूर्वी शिकवणूक द्यावी लागते, त्यासाठी ल्यूथरने १५२९ साली लिहिलेली छोटी प्रश्नोत्तरी आजही वापरतात. पहिल्या रविवारी डोक्यावर पाणी पडेल ही भीती निराधार आहे. मात्र बाप्तिस्मा घेण्याचे कायदेशीर परिणाम आहेत, ते लपवू नयेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने फक्त हिंदूंना अनुसूचित जाती मानले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. आपण ३४ वर्षे केंद्राच्या दारात उभे होतो, हे विसरू नका. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम मात्र बाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्मा झालेल्या, नियमित चर्चला जाणाऱ्या स्त्रीचा केवळ नोकरीसाठी केलेला हिंदू असल्याचा दावा फेटाळला. ख्रिस्ती व्हायचे तर उघडपणे व्हा, आणि दाखल्याचे काय होईल हे समजून व्हा.

१९८५ च्या सूसाई प्रकरणाचा निकाल तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा हा आदि द्रविड माणूस. सरकारने चांभारांना टपऱ्या दिल्या, याला ख्रिस्ती म्हणून नाकारल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की जात नव्या धर्मातही टिकते एवढे सांगून भागत नाही, हिंदू समाजात सोसाव्या लागलेल्या सामाजिक-आर्थिक हालअपेष्टा ख्रिस्ती समाजातही तितक्याच तीव्रतेने चालू आहेत हे दाखवावे लागेल. म्हणजे पुरावा द्या! तो पुरावा कुठे आहे? बाकावर आहे, प्याल्यापाशी आहे, दफनभूमीत आहे, लग्नाच्या बोलणीत आहे. २००७ च्या रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान दलित ख्रिस्ती माणूस दोन्हीकडून मार खातो : चर्चमध्ये दलित म्हणून, सरकारदरबारी ख्रिस्ती म्हणून.

म्हणून शेजाऱ्याने पुढच्या वेळी बोलावले की जा. मागच्या बाकावर बसा, उठण्याबसण्यात त्यांना साथ द्या, जे मनात नाही ते तोंडाने म्हणू नका, भाकर घेऊ नका, फोटो काढण्यापूर्वी विचारा. आणि चहाच्या वेळी आपुलकीने प्रश्न विचारा. मंडळीच्या कमिटीवर कोण आहेत? स्त्रिया वेदीजवळ उभ्या राहतात का? गावाकडच्या तुमच्या चर्चमध्ये सगळे एका रांगेत बसतात का? दफनभूमी एकच आहे का? ज्याच्या आजोबाने जात सोसली आहे तो शेजारी हे प्रश्न ऐकून रागावणार नाही, उलट मोकळा होईल. तो माला असेल, परैयार असेल, उरांव असेल. त्याला कदाचित पहिल्यांदाच कळेल की कळव्यातला जय भीमवाला शेजारी त्याला धर्म विचारायला आलेला नाही, त्याचे दुःख विचारायला आला आहे.

एवढे झाल्यावर त्याला आपल्या विहारात बोलवा. तेव्हा तोही पाहील की आपल्याकडे कोण कुठे बसतो, माइक कोणाच्या हाती असतो, बाई किती वेळा बोलते आणि पोटजात विचारल्याशिवाय सोयरिक होते का. त्याच्या या प्रश्नांना सरळ उत्तर देता येईल अशी तयारी आपण आजपासूनच ठेवली पाहिजे.

जय भीम!